‘मॅडम, जमीन का हलते?’

डहाणू म्हटलं की आपल्या होस्टेलवर बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. चिकू आणि बोर्डीचा समुद्रकिनारा! २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे सबमिशन संपलं की एक दिवसाची ट्रिप ठरलेलीच. पण त्याच डहाणूत आणि शेजारच्या तलासरीत आपल्याच वयाची काही मुलंमुली शिक्षक व्हायला शिकताहेत, आणि विज्ञानाचा तास आला की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्याबद्दल थोडंसं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या!)

माझी एक मावसबहीण डी.एल.एड. करते. पूर्वी ज्याला डी.एड. म्हणायचे तेच. बारावी आर्ट्स. तिला कविता शिकवायला सांगा, वर्ग रंगवून टाकेल. पण सराव पाठाला विज्ञान आलं की आदल्या रात्री मला फोन. ‘अगं, टाचण पाठ आहे, पण पोरांनी मधेच काही विचारलं तर?’ आणि एकदा विचारलंच. तलासरीकडच्या एका शाळेत हवेवरचा पाठ चालू होता. फुगे, तक्ता, सगळं तयार. तेवढ्यात पाचवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘मॅडम, जमीन का हलते?’ ती म्हणाली, ‘ते आजच्या पाठात नाही, खाली बस.’ पाठ पूर्ण झाला, शेराही चांगला मिळाला. ती मात्र दोन दिवस गप्प होती.

हा प्रश्न त्या मुलाने उगाच विचारला नव्हता. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचं नाव तेव्हा रोज बातम्यांत असायचं. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. माणसं थंडीत घराबाहेर, तंबूत झोपू लागली. नंतरही धक्के अधूनमधून येतच राहिले. म्हणजे तिथल्या मुलांसाठी हा पुस्तकातला धडा नाही, रात्री भांडी वाजतात तो आवाज आहे.

आता गंमत बघा. शास्त्रज्ञांनी काय केलं? त्यांनी गावागावात भूकंपमापक बसवले आणि नोंदी घेतल्या. एकच मोठा भूकंप न होता लहान लहान धक्क्यांची रांग लागते, अशी ही भूकंपमालिका आहे असं सांगितलं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांत मुरतं आणि आतला दाब बदलतो, असं एक कारणही मांडलं गेलं. थोडक्यात, मोठमोठ्या संस्थांतल्या लोकांनीही आधी ‘माहीत नाही, मोजून बघू’ असंच म्हटलं. मग वीस वर्षांच्या शिकाऊ शिक्षिकेला तेच वाक्य वर्गात उच्चारायची भीती का वाटावी?

माझ्या मते याचं कारण तिचा भित्रा स्वभाव नाही. दहावीनंतर विज्ञान सुटलेलं. डी.एल.एड.ला कुठल्याही शाखेतून जाता येतं, आणि त्यात काही चूक नाही. पुढे टीईटीच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण परिसर अभ्यासाला, तेही पर्यायी प्रश्न. पण वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले नसतात! ज्या मुलीने स्वतः कधी प्रयोग बिघडवला नाही आणि पुन्हा जुळवला नाही, तिने चाळीस डोळ्यांसमोर तो करून दाखवावा, अशी आपली अपेक्षा.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून जमल्यामुळे. दुसऱ्याचं पाहून, किंवा कोणी पाठ थोपटल्यामुळेही येतो, पण तेवढा नाही. पुढे १९९० मध्ये एनॉक्स आणि रिग्ज यांनी खास शिकाऊ शिक्षकांसाठी २३ विधानांची प्रश्नावली केली. तिचे दोन भाग आहेत. एक, मला विज्ञान शिकवता येईल का? आणि दोन, चांगलं शिकवलं तर मुलं शिकतील का?

मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण आदिवासी भागातल्या शाळांबद्दल आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, ‘ही मुलं काय विज्ञान शिकणार!’ अहो, पहाटे उतरवलेला गोड रस उन्हं चढल्यावर ताडी होतो, हे त्या मुलांनी रोज पाहिलेलं असतं. किण्वन हा शब्द तेवढा बाकी आहे. झाडावरून कडक उतरवलेला चिकू घरात पिकतो, भरतीची वेळ रोज पुढे सरकते, वारली चित्राच्या तांदळाच्या पिठात डिंक घातला की रंग भिंतीला धरतो. एवढं सामान हाताशी असताना आपण मुलांना कच्चं ठरवतो, आणि शिकाऊ शिक्षकही ते ऐकून ऐकून खरं मानू लागतात.

हे सगळं नवीन आहे का? मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर गेली. महागड्या साधनांऐवजी खडे, पानं, शिंपले आले. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम चालला, त्यात शिक्षकांनाच आधी विद्यार्थ्यांसारखे प्रयोग करायला बसवत. त्याच कार्यक्रमाच्या संपर्कात आलेले अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन खेळणी केली. म्हणजे या कामात इंजिनिअरला जागा आहे!

काही सर म्हणतील, नुसता कॉन्फिडन्स काय कामाचा? विषय नको का यायला? बरोबर आहे. ठणकावून चुकीचं सांगणारा शिक्षक घाबरणाऱ्या शिक्षकापेक्षा जास्त धोक्याचा. म्हणूनच मला भाषणबाजीतून आलेला कॉन्फिडन्स नको आहे. विषय हातातून गेला की माहितीही पक्की होते आणि आपल्याला काय येत नाही तेही कळतं.

आता आपलं काय? दरवर्षी आपण गावातल्या शाळेला काहीतरी देतो. पेटी दिली, फोटो काढला, मेसचं जेवण गाठलं. ती विज्ञानपेटी मग कपाटात बंद! मोडली तर कोण भरून देणार, ही भीती असतेच. त्यापेक्षा एन.एस.एस.ने पुढच्या टर्मला दोन दिवस डहाणूकडच्या शिकाऊ शिक्षकांसाठी ठेवावेत. पीपीटी नको. त्यांनी स्वतः सायकलचा पंप उघडावा, टाचणीचं चुंबक करावं. पाण्याच्या थाळीवरून आणि वाजणाऱ्या भांड्यांवरून धक्क्याची नोंद कशी ठेवायची ते ठरवावं: किती वाजता, किती सेकंद, काय काय हललं. धक्का बसला तर मोकळ्यावर कसं जायचं याचा सराव मुलांकडून कसा करून घ्यायचा, तेही त्यातच. आपण मदतीला असावं, पण हात त्यांचेच चालावेत. चुकले तर चुकू देत, तिथे शेरा लिहायला कोणी बसलेलं नसेल.

आणि स्टाफला एक नम्र विनंती. वायवामध्ये ‘माहीत नाही, पण असं करून बघता येईल’ असं उत्तर आलं, तर त्याला अर्धा मार्क तरी द्या. ज्या शिक्षणात ‘माहीत नाही’ म्हणणं हा गुन्हा असतो, त्यात तलासरीची शिक्षिकाही घाबरते आणि उद्याचा इंजिनिअरही. दोन दिवसांच्या शिबिरासाठी नावं मी गोळा करते आहे. लोकलचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं!