गर्भाचा कळवळा, मुलीचे अज्ञान

गर्भ पहिल्या क्षणापासून माणूसच आहे, देवाने त्याला आईच्या उदरात घडवले आहे, तेव्हा त्याला संपवण्याचा अधिकार आईलाही नाही. अमेरिकेतल्या गर्भपातविरोधी ख्रिस्ती चळवळीचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मनापासून तसे मानणारी, अडलेल्या मुलींना आसरा देणारी, त्यांची बाळंतपणे निभावून नेणारी माणसे या चळवळीत आहेत. ३ फेब्रुवारी १९९४ रोजी वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यासमोर मदर तेरेसा बोलल्या. गर्भपात हा शांततेचा सर्वांत मोठा शत्रू आहे असे त्या म्हणाल्या. नको असलेले मूल मला द्या, असेही म्हणाल्या. (त्याच भाषणात त्यांनी गर्भनिरोधक साधनेही नाकारली, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.)

आमचे भांडण या कंसातल्या वाक्याशी आहे.

गर्भपात नकोत, हे एक वेळ समजून घेऊ. मग नको असलेले गर्भ राहूच नयेत म्हणून ही मंडळी सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती काय देतात? एक कार्ड! १९९३ साली सदर्न बॅप्टिस्ट पंथाने 'ट्रू लव्ह वेट्स' ही मोहीम सुरू केली. खरे प्रेम थांबते, तेव्हा लग्नापर्यंत शुद्ध राहीन, अशा शपथेवर मुलामुलींनी सही करायची. १९९४ च्या जुलैत अशी दोन लाखांवर कार्डे वॉशिंग्टनच्या हिरवळीवर रोवून दाखवण्यात आली. १९९६ साली सरकारही यात उतरले. गरीब एकट्या आयांची मदत कापणारा जो कायदा त्या वर्षी झाला, त्यातच 'संयम शिक्षणा'साठी वर्षाला ५ कोटी डॉलरची तरतूद होती. लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधाने मनावर आणि शरीरावर दुष्परिणाम होण्याचा संभव असतो, असे शिकवण्याची अट होती. निरोध आणि गोळ्या यांच्याविषयी बोलायचे ते त्या किती वेळा फसतात एवढ्यापुरतेच.

उपयोग काय झाला? सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २००७ साली आला. चार कार्यक्रमांतल्या दोन हजारांवर मुलामुलींचा माग घेतला होता. संयमाचे धडे मिळालेली आणि न मिळालेली, दोन्ही गटांत संबंध आलेल्यांचे पहिल्या वेळचे सरासरी वय सारखेच निघाले, १४.९ वर्षे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात शपथ घेतलेल्यांना पाच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा शंभरातले ८२ जण म्हणाले, आम्ही शपथ घेतलीच नव्हती. इतरांशी त्यांचा फरक एवढाच होता की गर्भनिरोधके वापरण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते.

संयमाला आमचा विरोध नाही. मुलीला 'नाही' म्हणता आलेच पाहिजे. चळवळ गेली कित्येक वर्षे तेच तर सांगते आहे. पण ज्या मुलीला आपल्या शरीराच्या भागांची नावेही उच्चारता येत नाहीत, ती 'नाही' कशाला म्हणणार? आणि या वर्गांत 'नाही' शिकवतच नाहीत. शिकवतात ती किळस. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेतला एक धडा २०१४ साली वृत्तपत्रांतून गाजला. पेपरमिंट चॉकलेटचा कागद काढायचा, ते वर्गभर हातोहात फिरवायचे, आणि परत येईतो किती मळले ते पाहायचे. मराठी वाचकाला याचा अर्थ सांगायला नको. उष्टी! काचेचे भांडे! योनिशुचितेचा हा पाठ आपल्या आज्यांनी चॉकलेटशिवायच गिरवला आहे.

हा पाठ कुणाच्या जिवावर बेततो ते एलिझाबेथ स्मार्टने सांगितले. २००२ साली १४ वर्षांच्या एलिझाबेथला सॉल्ट लेक सिटीतल्या तिच्या घरातून पळवून नेले आणि नऊ महिने तिच्यावर बलात्कार होत राहिले. २०१३ साली ती जाहीरपणे बोलली. लग्नाआधीचा संबंध म्हणजे चघळलेले च्युइंगम, असे तिला शाळेत एका बाईंनी शिकवले होते. बलात्कारानंतर तिच्या मनात पहिल्यांदा तेच आले: आता आपण ते च्युइंगम झालो, आपली किंमत संपली. पळून न जाण्याला असेही एक कारण असते.

मिसिसिपीचेच उदाहरण पुढे पाहण्यासारखे आहे. २०११ च्या तिथल्या कायद्याने मुलामुलींचे वर्ग वेगळे केले, पालकांची लेखी परवानगी सक्तीची केली आणि निरोध कसा वापरावा हे दाखवण्यास मनाई केली. तेव्हा एका कार्यकर्त्याने पायात मोजा कसा घालावा याचे प्रात्यक्षिकच चित्रित केले: मोजा फाटलेला नाही ना ते पाहा, टोकाशी जरा जागा सोडा... लोक हसले, पण कायदा काही बदलला नाही. त्याच राज्याने २०१८ साली १५ आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातली आणि तोच खटला सर्वोच्च न्यायालयात जाऊन २४ जून २०२२ रोजी १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल रद्द झाला. राज्यातले एकमेव उरलेले गर्भपात केंद्र, जॅक्सनमधले 'पिंक हाउस', पुढच्याच महिन्यात बंद पडले. बलात्कारासाठी कायद्यात अपवाद आहे, पण कागदावर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'टाइम'ने एका तेरा वर्षांच्या मुलीची हकिगत छापली. बलात्कारातून राहिलेला गर्भ तिला जन्माला घालावा लागला, कारण जवळचे केंद्र थेट शिकागोत. ती आई झाली आणि मग सातवीच्या वर्गात जाऊन बसली.

बरे, जन्मलेल्या बाळांचे तरी? २०२४ साली मिसिसिपीत हजार जन्मांमागे ९.७ बाळे वर्षाच्या आत दगावली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आरोग्य खात्याला आणीबाणी जाहीर करावी लागली. गरिबांचा सरकारी आरोग्यविमा वाढवण्याचे विधेयक २०२४ साली तिथल्याच विधिमंडळात बारगळले होते.

खरी कसोटी लागली कोलोरॅडोत. २००९ पासून एका खासगी देणगीतून तिथल्या दवाखान्यांत तांबी आणि दंडात बसवायचे इम्प्लांट मोफत मिळू लागले. पाच वर्षांत किशोरवयीन मुलींची बाळंतपणे आणि गर्भपात, दोन्ही निम्म्यावर आले. गर्भपात कमी झाले! ज्यांना गर्भपात हे पाप वाटते त्यांनी पेढे वाटायला हवे होते. २०१५ साली ही योजना सरकारने चालवावी म्हणून ५० लाख डॉलर मागितले गेले, तेव्हा गर्भपातविरोधी आमदारांनी ते विधेयक समितीतच मारले. तांबी म्हणजेच गर्भपात, असे त्यांचे म्हणणे पडले. (पैसे मिळायला आणखी एक वर्ष गेले.) यावरून आम्ही काय समजावे? गर्भ वाचवणे महत्त्वाचे, की मुलीने केलेल्या 'चुकी'ची शिक्षा तिला मिळणे?

देवाचेच हे म्हणणे असेल, तर ते १९७१ साली वेगळे होते काय? त्या वर्षी याच सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव केला होता, की बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असल्यास गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. बायबल तेव्हाही तेच होते. आणि चर्चच्या बाकावर बसणाऱ्या बायकाही सगळ्या चळवळीसारख्या नाहीत. २०१४ च्या पाहणीत अमेरिकेत गर्भपात करून घेणाऱ्यांत २४ टक्के कॅथलिक आणि १३ टक्के इव्हँजेलिकल होत्या. 'उष्टी' ठरण्याच्या भीतीने त्यांतल्या किती जणी गपचूप गेल्या असतील, हे कोणता पाद्री विचारणार?

मैत्रिणींनो, हे सगळे सातासमुद्रापलीकडचे नाही. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकांवरून गदारोळ झाला आणि सरकारने तो कार्यक्रमच बंद केला. २००९ साली वेंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नकोच, लग्नापूर्वीचे संबंध अनैतिक व आरोग्याला घातक असे मुलांना सांगावे, अशी शिफारस केली. १९९६ च्या अमेरिकन कायद्यातली अट आणि ही शिफारस शेजारी ठेवून वाचा. धर्म वेगळा, वाक्य तेच!

आपल्याकडे तर या उपदेशाची आणखी एक गंमत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. 'लग्नापर्यंत थांब' असे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला सांगितले, तर ती हंगाम सुरू होईपर्यंत थांबते. मग तिचे लग्न होते, ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाते, आणि दिवस कशाने राहतात हे तिला तोवर शाळेत, घरात, देवळात कुणीही सांगितलेले नसते.