स्वभावालाही औषध असते

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण बालाघाटच्या मराठी घरांतून ज्या सहजतेने उच्चारली जाते, त्याच सहजतेने ती एखाद्या तरुण जीवापुढील उपचारांचे दार लावून घेते. आणि वारासिवनी, लांजी, कटंगी येथून शिकायला येऊन जिल्ह्याच्या गावी खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना व्यक्तिमत्त्वविकारांची ओळख जर मोबाइलवरील अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतूनच होणार असेल, तर या विषयावर त्यांच्यासाठी मराठीतून सविस्तर लिहिणे मी अगत्याचे समजतो.

स्वभाव सर्वांनाच असतो. कोणी भिडस्त, कोणी तापट, कोणी संशयी, आणि एवढ्यावरून कोणी रुग्ण ठरत नाही. परंतु स्वतःकडे पाहण्याची, भावना सोसण्याची आणि माणसांशी वागण्याची एखादी ताठर रीत वर्षानुवर्षे टिकून राहते, घरी, महाविद्यालयात, मित्रमंडळीत सर्वत्र तीच दिसते, आणि तिच्यापायी शिक्षण, रोजगार व नातीगोती मोडकळीस येतात, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ व्यक्तिमत्त्वविकाराचा विचार करू लागतात. परीक्षेच्या तोंडावरची चिडचिड किंवा प्रेमभंगानंतरचे सैरभैर दिवस यांत मोडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणाने तर जुने बहुतेक पोटप्रकार बाजूला सारून विकार सौम्य, मध्यम की तीव्र, हाच प्रश्न अग्रभागी आणला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीत ही लक्षणे किमान वर्षभर टिकल्याखेरीज असे निदान करता येत नाही, आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान तर अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी मुळीच करता येत नाही. ज्या निर्णयापूर्वी तज्ज्ञांनाही इतकी मुदत पाळावी लागते, तो वर्गातल्या एखाद्या मुलीला ‘सायको’ म्हणून क्षणात देऊन टाकणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

हे दुःख जवळून कसे दिसते, ते पाहा. वसतिगृहातील एका मुलीने रात्री मैत्रिणीला संदेश पाठवला आहे. तो वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत, पण उत्तर नाही. तुम्हीआम्ही ‘झोपली असेल’ म्हणून कूस बदलू. तिच्या मनात मात्र आपल्याला कायमचे टाकून दिल्याची भीती अशा वेगाने चढते की ती आधी विनवण्या करते, मग शिव्या देते, मग मैत्रिणीचा क्रमांकच बंद करते, आणि पहाटे स्वतःच्या वागण्याची अशी घृणा तिला येते की स्वतःला इजा करण्याचा विचार मनात शिरतो. घरचे म्हणतात, पोरगी नाटकं करते. ‘बॉर्डरलाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारातील ही वेदना अगदी खरी असते. तिच्या मुळाशी पुष्कळदा उपजत हळवेपण आणि बालपणी वाट्याला आलेली उपेक्षा किंवा अत्याचार यांचे मिश्रण असते, जरी प्रत्येक घराला त्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला गैर वाटते.

या विकारावर आज जगभर वापरला जाणारा एक प्रमुख उपचार मार्शा लाइनहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सिद्ध केला व १९९३ साली ग्रंथरूपाने मांडला. आणि वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ साली, आपण स्वतःच ज्या मनोरुग्णालयात दाखल होतो, तेथेच उभे राहून त्यांनी २०११ साली ती हकीकत जाहीर सांगितली. त्यांच्या पद्धतीत रुग्ण रोज एका तक्त्यात त्या दिवशीची भावना, स्वतःला इजा करण्याच्या ऊर्मीची तीव्रता आणि त्या वेळी कोणते कौशल्य वापरले, हे नोंदवतो. ऊर्मी अनावर झाली तर तोंडावर गार पाणी घेऊन शरीराचा आवेग उतरवायचा, मग भावनेला नाव द्यायचे, मगच उत्तर लिहायचे, असे सारे एकेक करून शिकवले जाते. दुःख मान्य करायचे आणि वागणे बदलायचे, ही दोन्ही कामे येथे बरोबरीने चालतात.

असे रुग्ण बरे होतात का, हा प्रश्नही अनुत्तरित नाही. मेरी झनारिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयातील बॉर्डरलाइन विकाराच्या २९० रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षांसाठी इतकी ओसरली होती की ते निदानाच्या कसोटीत बसेनासे झाले. मात्र त्याच्या जोडीला कामधंदा आणि नाती यांचीही घडी नीट बसणे निम्म्यांनाच साधले. हा दुसरा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण तरुणांना खोटा दिलासा देणे हीसुद्धा एक प्रकारची उपेक्षाच होय.

आता बालाघाटचा प्रश्न. या विकारासाठी खास अशी गोळी नाही. सोबतच्या उदासीनतेवर वा चिंतेवर औषधे देतात, पण मुख्य उपचार आहे तो प्रशिक्षित माणसाशी आठवड्यामागून आठवडे, बहुधा वर्षभर, बसून बोलण्याचा. नागपूरचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. तरीही बैहरच्या शेतकऱ्याने आपल्या मुलाला दर आठवड्याला नागपूरला किंवा जबलपूरला न्यावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने परवडणाऱ्या खर्चात, पुरेशा प्रमाणात आणि राहत्या ठिकाणापासून आवाक्यात असलेली सरकारी सेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येत असेल त्या मुलाने वा मुलीने हा क्रमांक आजच फिरवावा आणि घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला जवळ बसवून घ्यावे. परंतु दूरध्वनी हा प्रारंभ आहे, वर्षभराचा उपचार नव्हे. म्हणून जिल्हा रुग्णालयात अशा संवादोपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ कायम नेमलेला असावा, बैहर व लांजीच्या आरोग्य केंद्रांत त्याने आठवड्यातील एक ठरलेला वार बसावे, आणि तो वार फलकावर हिंदीबरोबर मराठीतही लिहिलेला असावा, अशी माझी जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे.