लाइन तोडून गेला म्हणे!

रॉड-रील घेऊन खाडीवर, जेटीवर किंवा धरणाच्या काठावर जाणाऱ्या मंडळींत पाच मिनिटं बसलात तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं. "काय सांगू, केवढा होता! लाइन तोडून गेला!" सांगणाऱ्याचे डोळे चमकत असतात, ऐकणारे हळहळतात, आणि सांगणाऱ्याच्या दोन हातांमधलं अंतर दर वेळी थोडं वाढत जातं. गरवणाऱ्यांच्या जगात ही शौर्यकथा मानली जाते.

माझा या वाक्यावरच आक्षेप आहे. त्याचा सरळ अर्थ काय होतो बघा. एक मासा तोंडात प्लॅस्टिकची खोटी मासोळी, तिला लटकलेले तीन-तीन टोकांचे दोन गळ, आणि मागे लोंबणारा नायलॉनचा दोरा घेऊन पाण्यात गेला. त्या दोऱ्यासकट तो कांदळवनाच्या मुळांत शिरणार. दोरा मुळाला अडकला की तिथेच बांधला जाणार. घरी नेऊन त्याचं कालवण केलं असतं तर मी एका शब्दाने बोललो नसतो. जपून सोडून दिला असता तर कौतुकच केलं असतं. इथे खाल्लाही नाही आणि सोडलाही नाही. यात शौर्य कुठे आलं?

आणि बहुतेक वेळा तो मासा असतो जिताडा (तळकोकणात आणि गोव्यात याला चोणक म्हणतात). खाडीत लुअर फेकणाऱ्या प्रत्येकाचं हे स्वप्न. या माशाची एक गंमत आहे. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात आणि पुढे मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे 'केवढा होता' असं ज्याच्याबद्दल सांगतात तो 'होता' नसून बहुधा 'होती' असते, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी लाखोंनी अंडी घालणारी असते. तिचा जबडा लुअरने शिवून ठेवायचा आणि वर गोष्टी सांगायच्या, हे काही बरं नाही.

बरं, लाइन तुटते का? मासा मोठा होता म्हणून? माझं म्हणणं, बहुतेक वेळा मुळीच नाही. लाइन तुटते कारण आपण सामान उलट्या बाजूने विकत घेतो.

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न असतो, "रॉड दाखवा." मग रील. दहा हजारांचं बजेट असेल तर त्यातले साडेआठ इथेच संपतात. उरलेल्यात दोन चकचकीत लुअर. लाइन? "रीलवर भरून द्या कुठलीतरी." आणि गळ लुअरबरोबर आलेलेच असतात, त्याकडे कोण बघतो! गाठ तर फुकटच असते, त्यामुळे तिला काही किंमतच नाही. आता माशाच्या बाजूने बघा. त्याला तुमचा रॉड ठाऊक नसतो, रील ठाऊक नसतं. त्याच्याशी तुमचा संबंध येतो तो गळ, गाठ आणि लाइनच्या शेवटच्या दोन हातांतून. जिथे सगळं तुटतं किंवा टिकतं, तिथेच आपण सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात कमी डोकं खर्च करतो.

वर आकड्यांची भूल असते. रॉडवर '३० टन कार्बन' लिहिलेलं असतं. अनेकांना वाटतं की हा रॉड म्हणजे क्रेन आहे. तो आकडा कार्बनच्या तंतूंच्या ताठपणाचा असतो, वजन उचलण्याचा नव्हे. उलट जास्त ताठ कार्बन म्हणजे बऱ्याचदा जास्त ठिसूळ रॉड; खडकावर आपटला की संपला. (कार्बनमधून वीज वाहते हेही कुणी सांगत नाही. विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना रॉड उभा धरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.) रीलवर '१३+१ बेअरिंग' असतं. खाऱ्या पाण्यात रील नीट धुतलं-पुसलं नाही तर चौदाच्या चौदा गंजतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'ड्रॅग २५ किलो'! आठ फुटी दांड्याच्या टोकाला २५ किलो लटकवून तो हातांनी तोलून दाखवा, मी जाहीर सत्कार करीन. शाळेत तरफेचा नियम शिकवतात तो काय फक्त परीक्षेपुरता?

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. ठराविक ओढीपलीकडे गेल्यावर लाइन तुटू न देता सोडायची, हे त्याचं काम. या एका गोष्टीसाठी रील विकत घ्यायचं असतं, आणि नेमकी हीच गोष्ट कुणी मोजत नाही. "घट्ट कर, घट्ट कर" हाच मंत्र. वास्तविक साधा हिशोब आहे. लाइन २० पाउंडाची, म्हणजे साधारण ९ किलोची. ड्रॅग ठेवायचा तिच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा लाइनच्या टोकाला अडकवायचा, ओढायचं, आणि लाइन किती किलोला सुटते ते बघायचं. दोन मिनिटांचं काम.

एवढा कमी का? कारण मासा पळायला लागला की रीलवरची लाइन कमी होते आणि गुंडाळीचा व्यास लहान होतो. ब्रेक तोच, पण लाइन सोडवायला लागणारी ओढ वाढत जाते. व्यास निम्मा झाला की ओढ दुप्पट. त्यात गाठीने खाल्लेली ताकद, पाण्यातल्या लाइनला होणारा विरोध आणि माशाचा अचानक हिसका मिळवा. सुरुवातीला सहा किलोवर आवळलेला ड्रॅग तीस-चाळीस मीटर लाइन गेल्यावर कुठे पोचलेला असेल त्याचा विचार करा. मासा लाइन तोडत नाही हो, आपण त्याच्याकडून तोडून घेतो.

आता लाइनबद्दल. आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात ती नायलॉनची एकेरी लाइन ताणते, त्यामुळे हिसका थोडा सोसते. पण ती पाणी पिऊन जराशी कमजोर होते आणि उन्हाने हळूहळू कुजते. हल्ली सगळ्यांना हवी असते ती ब्रेड (पाव नव्हे, विणलेली लाइन). ती बारीक असूनही दणकट असते, लांब जाते, जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे माशाचा नुसता स्पर्शसुद्धा बोटांना कळतो. पण खडकावरच्या कालवांना घासली की क्षणात जाते. जिताड्याच्या गालफडाची कडही सुरीसारखी असते. म्हणून ब्रेडच्या टोकाला जाड नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा दोन हातांचा तुकडा जोडायचा, तो लीडर. २० पाउंडाची ब्रेड आणि ४० पाउंडाचा लीडर, खाडीतल्या जिताड्याला ही जोडी पुष्कळ झाली. यात एक फायदा अजून आहे. झालंच काही वाईट, तर लाइन बहुधा त्या जोडाशी तुटते. माशाबरोबर किंवा खडकाला दोन हात नायलॉन राहील, पन्नास मीटर नाही. तुटायचंच असेल तर कुठे तुटावं हे आधी ठरवणं, याला मी सामानाची निवड म्हणतो. बाकीची नुसती खरेदी.

आणि गाठ! कोरडी गाठ खसकन ओढली की नायलॉन घासून तापतं आणि तिथेच कमकुवत होतं. वाईट गाठ लाइनची निम्मी ताकद खाते. म्हणजे तुम्ही पैसे दिलेत २० पाउंडाचे आणि मासा लढतोय १० पाउंडाशी. थुंकी लावून, हळूहळू आवळायची. पालोमार किंवा युनी, यातली एक गाठ अंधारातही मारता आली पाहिजे. लाइन तुटलीच तर टोक नीट बघा. ते बोलतं. टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ असेल तर गाठ सुटली. चरचरीत, खरवडलेलं असेल तर कुठेतरी घासली. यातल्या एकाचाही दोष माशाकडे जात नाही. दर अर्ध्या तासाने शेवटचे दोन हात नखांतून सरकवून बघायचे, खरखर लागली की तेवढं कापून गाठ नवी मारायची. कापलेला तुकडा खिशात. खाडीत नाही. तंगूस पायात गुंतलेला बगळा मी पाहिला आहे, त्याचं वर्णन करत बसत नाही.

लुअरवर रंग बघून पैसे उधळणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६ साली आपली पहिली लुअर बुचाच्या लाकडातून कोरली. वरून चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. त्याने बघितलं होतं की मोठे मासे थव्यातल्या अडखळत पोहणाऱ्या मासोळीवर झडप घालतात. त्याची लुअर तशी अडखळत पोहायची, बस्स. नंतर तिच्यावर जगभर धंदा उभा राहिला, तो त्या पोहण्यावर. लुअर पाण्यात कशी चालते, किती खोल जाते, तुमच्या रॉडवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये बसते का, हे बघा. आणि घरी आल्याआल्या पक्कड घेऊन गळांचे उलटे काटे दाबून टाका. तीन टोकांच्या गळांऐवजी एकेरी गळ लावले तर आणखी चांगलं. "मग मासा सुटेल की!" लाइन ताणलेली ठेवलीत तर सहसा नाही सुटत. आणि तुटलीच, तर त्या माशाला लुअर झटकून टाकायची संधी राहते. एवढी तरी संधी त्याला द्यायला काय हरकत आहे?

हे सगळं परदेशी फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात गळाने मासे धरण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मासे कोणते, ते कुठे राहतात, कुणाला कसलं खाणं घालावं, याची चर्चा आहे. म्हणजे आधी मासा, मग बाकीचं. राजाला जे कळलं ते आपल्याला कळू नये?

राजाचं सोडा. आपल्या खाडीवर लाकडाच्या तुकड्याला तंगूस गुंडाळून बसणारा म्हातारा बघा. त्याच्याकडे रॉड नाही, रील नाही, बेअरिंग एकही नाही. लाइन तर्जनीवरून जाते. त्याचं बोट हाच त्याचा ड्रॅग. मासा ओढतो तेव्हा तो देतो, मासा थांबतो तेव्हा तो घेतो. तो बसल्या जागी गाठ दाताने ओढून तपासतो, कारण एक गळ गेला तर त्याला तो परवडत नाही. आपल्याला परवडतं, म्हणून आपण तपासत नाही. परवडण्याने माणूस निष्काळजी होतो, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. "अहो, ट्रॉलर टनांनी मासळी उपसतात, लहान पिल्लंसुद्धा सोडत नाहीत, आणि तुम्ही आमच्या एका तुटलेल्या लाइनवर प्रवचन देता?" ट्रॉलरचा प्रश्न मोठा आहे, मान्य. पण त्यावर कुणाचं तरी पोट आहे, त्याबद्दल भांडताना समोरच्याची चूल विचारात घ्यावी लागते. आपलं काय आहे? आपण मजेसाठी जातो. मजेसाठी केलेल्या गोष्टीत निष्काळजीपणाला कसलीच सबब नसते. दुसरं उत्तर असतं, "मग जाडी लाइन घेतो, ८० पाउंडाची. तुटणारच नाही." घ्या. मग गळ सरळ होईल किंवा रॉड मोडेल. आणि खडकात अडकली की ती तोडता तोडता हात कापून घ्याल, शेवटी वैतागून रीलपाशीच कापाल आणि तीस मीटर दोरा खाडीला दान कराल. (अडकलेली ब्रेड कधीही हाताला गुंडाळून ओढू नका. काठीला गुंडाळा, रॉड आडवा खाली ठेवा आणि सरळ रेषेत मागे जा.)

दुकानदारांना माझी एक सूचना आहे, ऐकतील असं नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की रॉड दाखवण्याआधी विचारा, मासा कुठला आणि पाणी कुठलं? मग गळ आणि लुअर, मग लीडर, मग लाइन, त्या लाइनला साजेसं गुळगुळीत ड्रॅगचं रील, आणि सगळ्यात शेवटी या सगळ्याला जुळणारा रॉड. सात-आठ फुटांचा साधा, जरा लवचिक रॉड या क्रमात फार स्वस्तात बसतो. धंदा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक टिकेल.

आणि गरवणाऱ्या मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "लाइन तोडून गेला" म्हणून हात पसरायला लागला, की हळहळू नका. तीन प्रश्न विचारा. गाठ कुठली होती? ड्रॅग किती किलोवर होता? माशाबरोबर किती दोरा गेला? तिन्हीची उत्तरं मिळाली तर त्याची गोष्ट जरूर ऐका, तिच्यातून शिकण्यासारखं काही निघेल. नाही मिळाली, तर चहा प्या आणि विषय बदला.