चित्रकाराची मजुरी केव्हा ठरणार?

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो. धान्य किती, रोकड किती, उचल किती, हे काम सुरू होण्याआधी बोलले जाते. सालदारकी ही काही आदर्श व्यवस्था नव्हे. तिच्यातील पिळवणुकीविषयी वेगळे लिहावे लागेल. परंतु मजुरी आधी ठरते आणि काम मागाहून होते, एवढी साधी गोष्ट तेथेही गृहीत असते. जळगाव-धुळ्यातील कितीतरी सुशिक्षित संपादक, प्रकाशक आणि संस्थाचालक यांना मात्र ती अद्याप उमगलेली नाही. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, बालकवितांची रेखाटने, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची सजावट ही कामे स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराला सांगताना पैशाचा विषय निघतच नाही. निघालाच, तर ‘अंक निघू द्या, मग पाहू’ हे उत्तर, नाहीतर ‘तुमचे नाव होईल’ हे आश्वासन! कागदवाल्याला वा छापखानेवाल्याला असे सांगण्याची कोणाची छाती होत नाही.

या नावाचीच गोष्ट घ्या. जळगावहून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत ही त्यांतलीच मंडळी. १८९६-९७ मध्ये त्या कामाचा भव्य ग्रंथ लंडनमध्ये निघाला आणि तो ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ म्हणूनच ओळखला जातो. अजिंठ्याच्या मूळ चित्रकारांची नावे काळाने पुसली; या विद्यार्थ्यांची नावे मात्र वहिवाटीने मागे ठेवली. तीच वहिवाट आज मुखपृष्ठकाराचे नाव शेवटच्या पानावर, मुद्रकाच्याही खाली, बारीक टाइपात टाकते. कित्येकदा तेवढेही टाकत नाही.

कायद्याची स्थिती फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमान्वये, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणारा ठरतो. म्हणून लेखी कराराची गरज चित्रकाराला अधिक. पण गंमत अशी की, ज्याने दमडीही न देता चित्र नेले त्याला हे कलम मालक करीत नाही. त्याच चित्रावर पुढल्या वर्षीची दिनदर्शिका छापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय ५७ व्या कलमाप्रमाणे, हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही, आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेल्या चित्रकाराचे देणे २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाही; थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. अर्थात, पुढचे काम हातचे जाईल या धास्तीने एकटा चित्रकार यातले काहीच मागत नाही, आणि ही धास्ती समोरच्याला नेमकी माहीत असते.

लहान नियतकालिकांकडे पैसा नसतो, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. मग दहा चित्रांऐवजी तीन छापावीत, आणि जी रक्कम आहे ती आधी सांगावी. चित्रकाराला आपले श्रम दान करायचे असतील तर तो करील. पण दान किती द्यायचे हे घेणाऱ्याने परस्पर ठरवले, तर त्याला दान म्हणत नाहीत. सर्वांत अधिक खटकते ते परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्यांचे वर्तन. परिषदेत ध्वनिक्षेपकवाल्याला भाडे मिळते, सभागृहाचे पैसे आगाऊ भरले जातात, आणि किमान वेतनाच्या मागणीचे भित्तिपत्रक काढणाऱ्याला मात्र ‘हे चळवळीचे काम आहे’ असे ऐकावे लागते. आता तर संगणकयंत्र फुकट चित्र काढते, अशी धमकीही वर मिळते.

‘आधी चार नमुने आणा, आवडला तर घेऊ’ ही पद्धत तर ताबडतोब बंद व्हावी. चित्रकाराचे आधीचे काम पाहून त्याची निवड करावी. नवा नमुना हवा असेल तर त्याचे पैसे द्यावेत.

श्रावणाच्या आधीच दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू होते. लेखकांना निमंत्रणे जातात तेव्हा चित्रकारालाही एक पत्र जावे. चित्रे किती व कोणत्या आकाराची, केव्हा हवीत, रक्कम किती व निम्मी आगाऊ केव्हा, बदल किती वेळा, अन्यत्र वापरल्यास वेगळा मोबदला किती, आणि नाव कोणत्या पानावर. पोस्टकार्डाच्या एका बाजूवर हे सारे मावते.