बाबासाहेबांचा मधुमेह आपण कधी वाचणार?

६ डिसेंबर १९५६ या तारखेवर आपल्या समाजात जेवढी चर्चा झाली, तेवढी बाबासाहेबांचे शरीर वर्षानुवर्षे पोखरणाऱ्या आजारावर कधीच झाली नाही. मृत्यू कसा झाला, कोणी काय लपवले यावर लेख लिहिले गेले, सभा गाजल्या. माईसाहेबांवर संशय घेतला गेला, चौकशीची मागणी झाली, सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही वाद संपला नाही. त्या वादात मला आज शिरायचे नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्यांची तसबीर आपल्या प्रत्येक घरात आहे त्यांना मधुमेह होता, त्यासाठी ते इन्सुलिन घेत होते, हे त्या घरातल्या किती जणांना ठाऊक आहे? आणि त्याच घरातली आई, काका किंवा मोठा भाऊ आज त्याच आजाराच्या गोळ्या घेत असेल, तर त्या माणसाला आपण काय शिकवले आहे?

इतिहास समोर आहे. संविधानाच्या कामाच्या ऐन धामधुमीत बाबासाहेबांचा मधुमेह बळावला. पायांच्या वेदनांनी त्यांना झोप येत नसे. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर त्यांच्यावर उपचार करत होते आणि त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा बाबासाहेबांशी विवाह झाला. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे आणि कबीरांचे राजापूर तालुक्यातले डोर्ले, म्हणजे दोन्ही घराणी आपल्या रत्नागिरीची. पुढची आठ वर्षे इंजेक्शन, पथ्य आणि रोजची देखभाल त्या घरात चालली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपण जगलो वाचलो त्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले. १९५७ साली ग्रंथ छापला गेला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. आजाराचा उल्लेख कसा मागे पडतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण कोणते?

इन्सुलिनचा शोध टोरांटोत १९२१ साली लागला. फ्रेडरिक बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले, कारण हे औषध सगळ्यांना मिळावे अशी त्यांची इच्छा होती. त्याआधी ज्यांचे शरीर इन्सुलिन बनवणेच थांबवते अशा रोग्यांना मरणाची वाट पाहण्यापलीकडे फारसे काही उरत नसे. म्हणजे बाबासाहेबांना गरज पडली तेव्हा हे औषध जेमतेम पाव शतक जुने होते. त्या आजारासह त्यांनी संविधान पूर्ण केले, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, धम्मग्रंथ लिहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना दीक्षा दिली. मधुमेह झाला म्हणजे माणूस संपला, असे म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर नाही. आणि दुर्लक्ष केले तरी चालते असे म्हणणाऱ्यांनाही नाही, कारण दीक्षेनंतर आठ आठवड्यांत, ६५ व्या वर्षी ते गेले.

आता आजचे बघू. मधुमेह हा पोट सुटलेल्या श्रीमंतांचा आजार, हा समज आपल्या वस्त्यांमध्ये अजून घट्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के. एवढे श्रीमंत या देशात आहेत का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचे. आईच्या पोटात उपासमार सोसलेले शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते, असे या अभ्यासातून पुढे आले. अभ्यास जातीवर नव्हता. पण पिढ्यान्पिढ्या कोणाच्या आया अर्धपोटी राबल्या, कोणाला शिळ्या भाकरीवर दिवस काढावे लागले, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने वेगळे सांगायला नको. काल उपाशी ठेवलेल्या शरीराला आज स्वस्त तांदूळ, साखर आणि बिस्किटे मिळतात, तेव्हा आजार दुहेरी मार्गाने येतो. म्हणून हा आजार मला सामाजिक न्यायाचा प्रश्न वाटतो.

दवाखान्यात मिळणारा आहाराचा तक्ता बघा. बदाम, ओट्स, सॅलड, सकाळी पाऊण तास फेरफटका. आणि रेशनकार्डावर काय मिळते? प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो तांदूळ-गहू. चिऱ्याच्या खाणीवर किंवा आंब्याच्या बागेत दिवसभर राबणाऱ्याला फेरफटका मारायला सांगणे ही थट्टा आहे. आपल्या माणसाला त्याच्याच ताटातून मार्ग दाखवला पाहिजे. भाताचा डोंगर निम्मा करावा, त्याच्या जागी कुळथाची पिठी, डाळ, उसळ, अंडे, मासळी आणि पालेभाजी वाढवावी. नाचणी चांगली, पण ‘नाचणीला साखर नाही’ हे खोटे आहे. चार भाकऱ्या खाल्ल्या तर तीही साखर चढवते. हापूसची फोड चालते, जेवणावर आमरसाची वाटी चालत नाही. दिवसातले पाच गोड चहा आधी बंद करावेत.

मोजून खाणे आपल्या परंपरेला परके नाही. कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला, ही कथा संयुत्त निकायात आहे. बुद्धांनी त्याला मापात खाण्याचा उपदेश केला. राजाने तो सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावला आणि रोज जेवताना म्हणायला बसवले. हळूहळू राजा मापात जेवू लागला आणि त्याचे अंग हलके झाले. राजालासुद्धा ताटाजवळ आठवण करून देणारा माणूस लागला! आपल्या घरात मात्र पथ्य एकट्या रोग्याच्या माथी असते, आणि रोगी बाई असेल तर ती सगळ्यांसाठी भात रांधून उरलेसुरले शेवटी खाते. घराचे जेवण बदलल्याशिवाय तिचे पथ्य होणार नाही.

माहितीचा प्रश्न याहून अवघड आहे. मोबाईलवर रोज एक संदेश येतो: अमुक बी, तमुक काढा, ४० दिवसांत साखर मुळासकट गायब. कालामांना बुद्धांनी काय सांगितले ते आपण भाषणात सांगतो, परंपरा आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका. मग व्हॉट्सॲपवर आले म्हणून गोळ्या बंद करणारा बौद्ध कसा? प्रत्येक रोग्याला निदान एवढे माहीत हवे: उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.५ किंवा जास्त आली, की पुन्हा तपासून मधुमेह ठरतो. अंगात रक्त कमी असेल तर ही सरासरी फसवी येऊ शकते, आणि आपल्या बायकांत रक्तक्षय किती आहे हे सांगायला नको. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरलेली असू शकते; शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. रोज रात्री पायाचे तळवे बघावेत. लावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या बधिर पायाला झालेली जखम तिला कळत नाही, आणि कळते तेव्हा बोट कापावे लागते. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा. साखर नीट आली म्हणून गोळी मनाने सोडू नये. ती गोळीमुळेच नीट आलेली असते.

इथे काही कार्यकर्ते म्हणतील, हे सगळे व्यक्तीवर ढकलणे झाले. सरकारची जबाबदारी कुठे गेली? बरोबर आहे. संविधानाचे कलम ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेहासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई त्यासाठी घरोघर फॉर्म भरतात. कागदावर सगळे आहे. पण मी ज्या गावांमध्ये काम करते, तिथल्या एका केंद्रात महिन्याच्या गोळ्या मागितल्या तर दहा दिवसांच्या मिळाल्या. उरलेल्या वीस दिवसांसाठी पुन्हा एसटीचे भाडे आणि मजुरी बुडवून फेरी. अशा वेळी गोळी सुटते आणि दोष रोग्याला लागतो. आजाराची माहिती असलेला माणूसच ‘मेटफॉर्मिनचा साठा किती आहे, नोंदवही दाखवा’ असे विचारू शकतो. अज्ञानी रोगी फक्त हात जोडतो. म्हणून स्वतःची काळजी आणि सरकारला जाब या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही.

दुसरा आक्षेप असा, की चळवळीची कामे थोडी आहेत का, की आता रक्तातली साखर मोजत बसायचे? पण गावातले जे कार्यकर्ते पन्नाशीत डोळे गमावतात, डायलिसिसवर जातात, त्यांच्याशिवाय ही कामे करणार कोण? आजारी भिक्षूला बुद्धांनी स्वतः धुतले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. आजारी माणसाकडे बघणे हे संघाचेच काम आहे.

कोकणात आपल्या प्रत्येक गावात विहार आहे, गावशाखा आहे, मुंबईचे मंडळ आहे. जयंतीला हजारो रुपयांचा डीजे आणि सरबत-बुंदी आपण वर्गणीतून करतो. त्यातून साखर मोजण्याचे एक यंत्र आणि पट्ट्या आल्या तर काय बिघडेल? महिन्यातल्या एका पौर्णिमेला, वंदनेच्या आधी, आशाताईला बोलावून विहारात तपासणी करावी. शिकलेल्या एका मुलीने नोंदवही ठेवावी: कोणाची साखर किती, गोळ्या मिळाल्या का, पायाला जखम आहे का. ज्यांना गोळ्या मिळाल्या नाहीत त्यांची यादी ग्रामसभेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी द्यावी, पोच घ्यावी, उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. याला फार पैसा लागत नाही. येत्या ६ डिसेंबरला अभिवादन करून घरी परतलो, की पहिली नोंद आपल्याच आईची करू या.

जयभीम.