यंत्र ठीक आहे, पण हृदय?

गणेशविसर्जनाच्या दिवशी बाप्पाला घेऊन नदीवर किंवा समुद्रावर चालत जाण्याची आपल्या बेटावरील जुनी रीत आहे. आमचे मामा झांज घेऊन नेहमी सर्वांच्या पुढे असत. दोन वर्षांपूर्वी मात्र ते अर्ध्या वाटेत एका कुंपणाच्या भिंतीवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." आम्ही म्हणालो, वय झाले. मामाही तसेच म्हणाले.

मामांच्या छातीत तेव्हा सहा वर्षांपासून पेसमेकर होता. तपासणीची तारीख त्यांनी कधी चुकविली नाही. दर वेळी उत्तर एकच मिळे : बॅटरी उत्तम, यंत्र ठीक. पुढे रात्री एका उशीच्या जागी तीन उशा लागू लागल्या, संध्याकाळी पाय सुजू लागले. साखर आणि रक्तदाब आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणे सोपे गेले. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी इको काढला, तेव्हा कळले की हृदयाचा जोर जवळजवळ निम्म्यावर आला आहे. कारण काय, तर ज्या यंत्राने त्यांना जगविले तेच!

वाचकांनी घाबरून जाऊ नये. गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. निरोगी हृदयात ठोक्याची आज्ञा वरच्या कप्प्यांतून येते आणि ठरलेल्या वाटांनी खालच्या दोन्ही कप्प्यांत क्षणार्धात पसरते, म्हणून दोन्ही कप्पे एकदम आवळतात. ही वाट तुटली की पेसमेकर लागतो. त्याची तार शिरेतून खालच्या उजव्या कप्प्यात, बहुधा अगदी टोकाला, बसविली जाते. तेथून निघालेली वीज मूळ वाटेने न जाता मांसातून हळूहळू सरकते. उजवी बाजू आधी आवळते, डावी मागाहून. होडीतील वल्ही एका वेळी न पडता मागेपुढे पडली तर होडी जाते, पण वल्हवणाऱ्यांचा दम फुकट जातो. तसेच हे. वर्षानुवर्षे असे चालले की काही जणांचा डावा कप्पा फुगतो व दुबळा होतो. नाडी मात्र मिनिटाला सत्तर अशी नेमकी लागते, आणि त्यामुळेच घरची माणसे फसतात.

हे शास्त्राला अगदी नवीन आहे असेही नाही. कृत्रिम विजेने दिलेला ठोका नैसर्गिक ठोक्यापेक्षा कमजोर असतो, हे अमेरिकेतील कार्ल विगर्स यांनी प्राण्यांच्या हृदयावर १९२५ मध्येच दाखविले होते. पहिला पेसमेकर शरीरात बसला तो १९५८ साली, स्वीडनमध्ये. आर्ने लार्सन हे ते रुग्ण. पहिले यंत्र काही तासच चालले, तरी एकामागून एक २६ यंत्रे घेऊन ते २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले. अशा उपकारापुढे तारेच्या जागेची चिकित्सा कोण करीत बसणार? २००२ व २००३ साली मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा कोठे डॉक्टरमंडळी या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहू लागली.

सर्वांनाच हा विकार होत नाही. ज्यांचे बहुतेक ठोके यंत्रच देते, अशा शंभरांत साधारण दहा ते वीस जणांना काही वर्षांत होतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, पेसमेकरची तपासणी म्हणजे बॅटरीची तपासणी नव्हे. दोन आकडे मागून घ्यावेत. एक, शंभरातील किती ठोके यंत्र खालच्या कप्प्याला देते. हा आकडा यंत्रातच नोंदलेला असतो, आणि तो वीस-चाळीसच्या वर गेला की लक्ष ठेवावे लागते. दुसरा, इकोमधील इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर टाकतो. तो पन्नासच्या खाली उतरला तर कारण शोधलेच पाहिजे. पेसमेकर बसविण्यापूर्वीचा आकडाही जपून ठेवावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? क्रेओलमध्ये विचारा, फ्रेंचमध्ये विचारा, पण विचारा. आमच्या घरात ते कार्ड कपाटात पडून होते, कोणी उघडून वाचले नाही. हा दोष आमचा.

काही जण म्हणतात, रुग्णाला हे सांगू नये, तो घाबरून यंत्रच नाकारील. मला हे पटत नाही. हृदयाची वाट पूर्ण तुटली असेल तर यंत्रावाचून गत्यंतर नाही, आणि हे सांगितले की शहाणा माणूस ऐकतो. शिवाय उपाय आहेत. हृदयाचे स्वतःचे ठोके शिल्लक असतील तर यंत्राला गप्प राहायला शिकविता येते. डाव्या कप्प्यासाठी आणखी एक तार घालून दोन्ही बाजूंची वेळ जुळविता येते. अलीकडे तर तार हृदयाच्या मूळ विद्युत्-वाटेवरच बसवू लागले आहेत. वेळेवर ध्यानात आले तर पुष्कळांचे हृदय बऱ्याच अंशी सावरते. श्वास लागतो, पाय सुजतात, हे "वय झाले" म्हणून दोन वर्षे सोडून दिले, तर तीच वेळ हातची जाते.

मामांना ती जादा तार बसवून आठ महिने झाले. सूज उतरली, उशा दोनावर आल्या. यंदा मिरवणुकीत झांज घेईन म्हणतात. मामी म्हणते, आधी इको काढून या.