ज्याच्या खिशात भाडं, तोच खेळाडू?



खडकीतल्या एका महाविद्यालयाच्या हॉकी संघाची गेल्या वर्षीची हजेरीवही आमच्यासमोर आहे. एका गोलकीपरच्या नावापुढे लाल शाईत शेरा आहे : 'घरगुती अडचण. स्पर्धेस अनुपस्थित.'

हा मुलगा आमच्याच वस्तीतला. त्याच्या घरी त्या आठवड्यात काहीही घडलं नव्हतं. संघाला स्पर्धेसाठी नाशिकला जायचं होतं आणि निघायच्या तीन दिवस आधी निरोप आला, प्रत्येकाने दोन हजार रुपये आणा. वडील कंत्राटी कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते. महिनाअखेर होती. पोराने घरी तोंडच उघडलं नाही. सरांना ताप आला म्हणून सांगितलं आणि तीन दिवस मित्राच्या खोलीवर बसून काढले. आम्हाला हे कळलं सहा महिन्यांनी, तेही त्याच्या मित्राकडून.

यंदा त्याच संघाच्या मुलांनी हंगामाचं वेळापत्रक आणि प्रवासाचं अंदाजपत्रक मांडायला आम्हाला बोलावलं. आमच्यातले काही जुने खेळाडू, काही नुसतेच चळवळीतले. चार रविवार बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत, कारण हा प्रश्न एका संघाचा नाही. आमचं म्हणणं साधं आहे : संघ निवडचाचणीच्या दिवशी मैदानावर निवडला जातो असं आपण समजतो. खरी निवड त्याआधीच होऊन गेलेली असते. स्पर्धा कधी, कुठे आणि जायचं कुणाच्या पैशाने, हे ठरतं तिथे ती होते. आणि त्या बैठकीत आपली मुलं कुठेच नसतात.

खडकीला हे नवीन नाही

खडकीची माती हॉकीची. दारूगोळा कारखाना, लष्कराची छावणी, कामगारांच्या वसाहती आणि त्यांच्या मधली मोकळी मैदानं, यातून हा खेळ इथे रुजला. धनराज पिल्ले याच खडकीचे. वडील मैदानाची देखभाल करणारे, घरात खाणारी तोंडं अनेक, मोडक्या स्टिका जोडून खेळणं सुरू. पुढे चार ऑलिम्पिक खेळले. या गोष्टीचं तात्पर्य सगळे 'जिद्द' असं सांगतात. आम्ही त्यातली दुसरी बाजू दाखवतो. धनराज मुंबईला गेले तेव्हा थोरले भाऊ रमेश तिथे आधीच खेळत होते. म्हणजे डोक्यावर छप्पर होतं, पोटाला होतं, मैदानापर्यंत नेणारं माणूस होतं. जिद्द तर खडकीच्या गल्लीगल्लीत आहे. मुंबईत भाऊ किती जणांना होता?

आज तर खर्च आणखी वाढला आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली. मातीवर शिकलेल्या पोराला टर्फचा सराव हवा, तर नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमसारख्या ठिकाणी जायला हवं. म्हणजे स्पर्धा दूर, सरावही दूर, आणि दोन्हीकडे भाडं.

'खेळात जात नसते'

हे वाक्य आम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकवलं गेलं. 'पैसे सगळ्यांकडूनच घेतो, जात बघून घेत नाही.' बरोबर आहे. पण सगळ्यांकडून सारखे पैसे घेणं म्हणजे समता नव्हे. ज्याच्या घरी दोन हजार म्हणजे एका रात्रीचं हॉटेल आणि ज्याच्या घरी दोन हजार म्हणजे महिन्याचा किराणा, त्या दोघांपुढे एकच वाटी फिरवली की कोण उठून जाणार हे आधीच ठरलेलं असतं. उठून जाणाऱ्यांची आडनावं एकदा वाचून पाहा.

पुण्याने हे पूर्वीही पाहिलं आहे. पळवणकर बाळू याच पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर राबत होते, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकत होते. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्या बोटांची गरज पडली तेव्हा मैदानात चेंडू एकच, पण चहा मात्र बाहेर आणि वेगळ्या भांड्यात. १९११ साली अखिल भारतीय संघातून इंग्लंडला जायला मिळालं आणि त्यांनी शंभरावर बळी घेतले. तेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हेही आपण लपवायचं कारण नाही. मुद्दा असा की बोटीचं भाडं कुणीतरी भरलं म्हणून ते शंभर बळी नोंदले गेले. भाडं भरलं नसतं तर ते पुण्याच्या नेटमध्येच राहिले असते आणि वहीत शेरा आला असता : घरगुती अडचण.

खुद्द बाबासाहेबांचं पाहा. बुद्धी १९१३ च्या आधीही तीच होती. पण अमेरिकेला जाता आलं ते बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची तजवीज केली तेव्हा. १९२० मध्ये पुन्हा लंडनला जायला साठवलेले पैसे पुरले नाहीत, तर मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घ्यावं लागलं. गुणवत्तेला तिकीट लागतं. हे ज्यांना कळतं त्यांनी 'मेरिट' हा शब्द जरा जपून वापरावा.

पैसा कुणाचा आहे?

आपली पोरं संघाकडे पैसे मागायला लाजतात, कारण त्यांना वाटतं आपण उपकार मागतो आहोत. ही समजूत आधी मोडा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या नियमांत सक्तीच्या शुल्कांची जी यादी आहे, तिच्यात प्रवेश, शिकवणी, ग्रंथालय यांच्याबरोबर खेळाचं शुल्कही आहे. म्हणजे जो मुलगा 'फुकट शिकतो' म्हणून हिणवला जातो, त्याच्या नावावरही जिमखान्याचं शुल्क मोजलेलं असतं. तो त्या निधीचा भागीदार आहे. मग निधीतून दरवर्षी कशाकशावर खर्च होतो हे त्याने का विचारू नये?

सरळ विचारा. उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाला तो लागू होतो. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून हा अर्ज जुलैमध्ये टाका. डिसेंबरात टाकलेला अर्ज भांडण जिंकेल, हंगाम जिंकणार नाही.

आधी वेळापत्रक

आम्ही भिंतीला वर्षाचं मोठं कॅलेंडर लावलं आणि चार रंगांच्या पेनांनी भरलं. निळ्याने स्पर्धा : आधी विभागातल्या महाविद्यालयांमधल्या, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर आंतरविद्यापीठ. लाल रंगाने सत्र परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची मुदत.

तिसरा, हिरवा रंग मुलांनी स्वतः सुचवला : कामाचे दिवस. संघातली काही मुलं लग्नसराईत केटरिंगला जातात, काही संध्याकाळी पार्सलं पोहोचवतात. संध्याकाळी सराव ठेवला की ही मुलं 'बेशिस्त' ठरतात. आम्ही सराव पहाटे साडेपाचला नेला. खर्च शून्य, आणि हजेरीवहीतले लाल शेरे निम्मे होतील अशी आमची खात्री आहे.

चौथा रंग आपल्या दिवसांचा. धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १ जानेवारी, १४ एप्रिल. यावर वाद झाला. ६ डिसेंबरला सामना आला तर? काही कार्यकर्त्यांचं म्हणणं, जायचं नाही. आमचं मत वेगळं पडलं. ज्या मुलाला महाराष्ट्राच्या संघापर्यंत जायची संधी आहे, त्याने त्या दिवशी मैदानावर उभं राहणं हेही अभिवादनच आहे. पण ही निवड त्याची असावी, आणि चैत्यभूमीला जाणाऱ्याला 'संघाशी गद्दारी' असं कुणी म्हणता कामा नये. दुसरी गोष्ट व्यवहाराची : त्या दिवसांत दादरकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. हे ज्याच्या कॅलेंडरमध्येच नाही, तो त्याच आठवड्यात मुंबईचा मैत्रीपूर्ण सामना ठेवतो.

मग हिशेब

आता आकडे. हे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचं भाडं तुम्ही घाला. १८ खेळाडू, एक मार्गदर्शक, एक व्यवस्थापक, मिळून २० माणसं. नाशिक, तीन दिवस, दोन रात्री.

एका बाजूचं एसटी भाडं ४०० धरलं तर जाऊन-येऊन १६,०००. जेवण-चहा माणशी दिवसाला ३००, तीन दिवसांचे १८,०००. मुक्काम माणशी रात्री १५०, दोन रात्रींचे ६,०००. तिथला रिक्षा-टेम्पो, औषधपाणी २,०००. एकूण ४२,०००.

हे पैसे १८ खेळाडूंवर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २,३३३ रुपये येतात आणि आपला गोलकीपर तापाने आजारी पडतो. हेच ४२,००० दोन हजार विद्यार्थ्यांच्या जिमखाना शुल्कातून काढले तर प्रत्येकामागे येतात २१ रुपये. एकवीस! दोन चहाच्या पैशात एका पोराचं वर्ष वाचतं. हा खर्च संस्थेला झेपत नाही असं म्हणणाऱ्याला कागद पुढे करा आणि बेरीज करायला सांगा.

मुलींच्या संघाला तर 'खर्च फार होतो, रात्रीचा प्रवास, जबाबदारी कोण घेणार' असं सांगून घरी बसवलं जातं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. वरच्याच हिशेबात वीसही जणी महिला असतील तर प्रवासाचे आठ हजार वाचतात, खर्च ३४,००० वर येतो. म्हणजे खर्चाच्या निकषावर मुलींचा संघ आधी जायला हवा. जात नाही, याचा अर्थ कारण खर्च हे नव्हतंच. सावित्रीमाईंचं नाव विद्यापीठाला द्यायचं आणि तिच्या लेकींना बसचं तिकीट काढायचं नाही, हे चालणार नाही.

रेल्वेने जायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खेळाडूंची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली थांबवलेल्या सवलतींच्या यादीत गेली, तेव्हा जुन्या कागदावर विसंबून अंदाज बांधू नका, खिडकीवर विचारून या. आणि नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं. विद्यापीठाची तारीख उशिरा आली की तत्काळ किंवा खाजगी ट्रॅव्हल्स, म्हणजे जास्तीचे पैसे, आणि ते पुन्हा खेळाडूच्या खिशातून. म्हणून एकूण खर्चावर दहा टक्के राखीव धरा.

दोन सापळे

पहिला सापळा 'भाऊं'चा. अंदाजपत्रक घेऊन फिरलं की कुणीतरी म्हणतो, बस मी देतो, टी-शर्टवर फक्त माझा फोटो टाका. आज फोटो, उद्या मोर्चाला पोरं, परवा निवडणुकीला. ज्याचा हक्क आहे त्याने देणगी का घ्यावी?

दुसरा सापळा आपलाच आहे, म्हणून जास्त टोचेल. 'आपल्या मुलांनी स्पर्धा परीक्षा द्याव्यात, हॉकी कसली खेळता?' असं आपलेच ज्येष्ठ म्हणतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. नाशिकला न गेलेला मुलगा त्या पात्रतेच्या शिडीची पहिलीच पायरी चुकतो. आणि वर्गणी म्हणाल तर जयंतीच्या डीजेसाठी एका रात्रीत किती गोळा होते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातला एक ठोका कमी वाजला तर वस्तीतल्या किती पोरांच्या स्टिका येतील, याचाही हिशेब त्याच वहीत मांडा.

खेळ ज्यांचा, तेच बाहेर

लॅक्रोस हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये येतो आहे. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासींचा. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी त्याचे नियम लिहिले, क्लब काढले. मूळनिवासी संघांकडे प्रवासाला पैसे नसत, म्हणून ते सामन्याला जायचा खर्च मागून घेत. १८८० साली कॅनडातल्या संघटनेने खेळ फक्त 'हौशी' खेळाडूंचा केला आणि पैसे घेणाऱ्या मूळनिवासींना धंदेवाईक ठरवून बाहेर काढलं. खेळ त्यांचा, आणि भाडं मागितलं म्हणून तेच बाद! २०१० मध्येही त्यांचा हॉडेनोशोनी संघ मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला पोहोचू शकला नाही, कारण ब्रिटनने त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर प्रवेश दिला नाही. माणसाला मैदानाबाहेर ठेवायचं असेल तर मैदानावर अडवावं लागत नाही. वाटेत अडवलं तरी पुरतं.

आमच्या मागण्या

हंगामाचं वेळापत्रक जुलैअखेर फलकावर लागलं पाहिजे, आणि ते ठरवताना दोन खेळाडू, त्यात एक मुलगी, बैठकीत असली पाहिजे. निवड झालेल्या खेळाडूकडून प्रवासासाठी एक रुपयाही घेऊ नये. भाडं आणि जेवणाचे पैसे निघण्याआधी हातात मिळावेत, 'नंतर बिल लावा' हे बंद व्हावं, कारण आधी खर्च करायला ज्याच्याकडे आहे त्यालाच नंतरचं बिल परवडतं. प्रत्येक दौऱ्यानंतर हिशेब त्याच फलकावर लागावा. आणि एखादा खेळाडू आला नाही तर 'घरगुती अडचण' असं लिहून मोकळं होण्याआधी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन यावं.

तुमच्या महाविद्यालयात कबड्डी असेल, कुस्ती असेल, खो-खो असेल. या आठवड्यात जिमखान्याच्या दारात जा आणि एवढंच विचारा : गेल्या वर्षी निवड होऊनही किती जण गेले नाहीत, आणि का? तो आकडा कुठे लिहिलेला नसेल, तर तो लिहायला सुरुवात तुम्ही करा.

आमचा गोलकीपर यंदा पहाटे साडेपाचच्या सरावाला येतो आहे. वहीत त्याच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. ती कशाने भरायची हे त्याच्या हातात जेवढं आहे, तेवढंच आपल्या हातात आहे.

जय भीम! जय संविधान!